ई३० मध्ये मोठं इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३ मालिकेत नवं इंजिन बसवण्याबद्दल जर्मनी, कॅलिफोर्निया आणि पुण्या-मुंबईहून सतत प्रश्न येतात. तेच तेच विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे गाडी डाव्या स्टिअरिंगची धरली आहे.

ई३० म्हणजे नेमकी कोणती गाडी? इंजिन बदलायला जो तो हीच का शोधतो?

ई३० ही ३ मालिकेची दुसरी पिढी. ती १९८२ ते १९९४ या काळात बनली. दोन दारांची, चार दारांची, उघड्या टपाची आणि मागे डिकीऐवजी मोठा दरवाजा असलेली टूरिंग, असे तिचे प्रकार. इंजिन लांबीच्या दिशेने उभं, ताकद मागच्या चाकांना आणि वजन साधारण १२०० किलो. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरची जागा बोनेटखाली कारखान्यानेच ठेवलेली आहे. त्यामुळे त्याच घराण्यातलं पुढच्या पिढीचं इंजिन घालताना पत्रा कापावा लागत नाही. छोटी, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी आणि तरीही इंजिनला ऐसपैस जागा, असा मेळ दुसऱ्या गाडीत सहसा मिळत नाही.

३२५आयचं मूळ इंजिन वाईट आहे का? मग बदलायचं कशाला?

अजिबात वाईट नाही. ३२५आय ही सहा सिलिंडरची ई३०. तिचं एम२० हे २४९४ सीसीचं इंजिन साधारण १७० अश्वशक्ती देतं आणि त्याचा आवाज मला आजही फार आवडतो. ते धडधाकट असेल, तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि व्हॉल्व्ह सेटिंग करून गाडी तशीच चालवा. पण त्यात एक कॅमशाफ्ट, बारा व्हॉल्व्ह आणि बेल्ट आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. तुम्ही त्या टप्प्यावर आला असाल, म्हणजे बोअर, पिस्टन, हेड सगळंच करायचं असेल, तर त्या खर्चात चोवीस व्हॉल्व्हचं, टायमिंग चेनचं इंजिन घालण्याचा विचार नक्की करा.

मग कोणतं इंजिन घेऊ?

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी एकच नाव सांगतो: एम५०, अडीच लिटरचं. १९९० मध्ये ते ५ मालिकेच्या ई३४ मध्ये आलं, मग ई३६ मध्ये, म्हणजे ई३० नंतरच्या ३ मालिकेत. सीसी मूळ इंजिनाइतकेच, २४९४, पण अश्वशक्ती १९२ आणि टॉर्क २४५ न्यूटन-मीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल, आणि सुरुवातीच्या गाड्यांत चावीला इमोबिलायझर (चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक कुलूप) नाही. वायरिंगच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. १९९२ नंतरच्या एम५० मध्ये व्हॅनोस आलं, म्हणजे इनटेक कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा. अश्वशक्ती तेवढीच राहिली, पण ओढ कमी फेऱ्यांवर मिळू लागली.

त्यापुढे एम५२, २.८ लिटर: १९३ अश्वशक्ती, पण टॉर्क २८०. शहरात चालवायला हे जास्त सुखाचं. मात्र युरोपातल्या सुरुवातीच्या एम५२ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरच्या भिंतींवर निकासिलचा, म्हणजे निकेलयुक्त, थर होता. पेट्रोलमधल्या गंधकाने तो थर झिजायचा. घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (त्या दाबाची गळती), दोन्ही चाचण्या करून घ्या. अमेरिकेत विकलेल्या एम५२ चा ब्लॉक लोखंडाचा होता, तिथे ही काळजी नाही.

एम५४, ३ लिटर: २३१ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर. उत्तम इंजिन, पण थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. म्हणजे ॲक्सिलरेटरच्या केबलऐवजी पेडल, कॉम्प्युटर आणि चावी असा सगळा संच लागतो. एम३ ची, म्हणजे ३ मालिकेच्या सर्वांत वेगवान प्रकाराची, इंजिनं घेताना देश बघा. ई३६ एम३ चं अमेरिकी इंजिन २४० अश्वशक्तीचं, तर युरोपातलं ३ लिटरचं २८६ आणि ३.२ लिटरचं ३२१ चं. नाव दोन्हीकडे एस५० असलं, तरी आतलं यंत्र वेगळं आहे आणि किमतीत मोठी तफावत आहे.

भंगारवाल्याकडून फक्त इंजिन घेतलं तर स्वस्त पडेल ना?

पहिल्या दिवशी स्वस्त पडेल. मग वायरिंगचा एक प्लग, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) ब्रॅकेट, क्लचचा पाइप, थ्रॉटलची केबल, एअर फ्लो मीटरचा रबरी पाइप असं एकेक शोधत बसावं लागतं आणि प्रत्येक वस्तूला वेगळा भाव मोजावा लागतो. शक्य असेल तर मागून ठोकलेली, पण इंजिन चालू असलेली अख्खी डोनर गाडी, म्हणजे सुटे भाग काढण्यासाठीची गाडी, घ्या. इंजिन गरम होईपर्यंत चालवून बघता येतं, तेलाचा दाब बघता येतो, गिअर टाकून बघता येतात. वायरिंग काढताना कापू नका. प्रत्येक प्लगला चिठ्ठी लावा आणि फोटो काढून ठेवा.

एम५० ई३० मध्ये थेट बसतं का?

जवळजवळ. ते दोन ठिकाणी अडतं.

पहिलं, ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं. ई३६ चं चेंबर ई३० च्या पुढच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनखालच्या आडव्या तुळईवर) टेकतं. त्यासाठी ई३४ च्या एम५० चं चेंबर लागतं, आणि त्यासोबत त्याचाच पिकअप पाइप, डिपस्टिक आणि डिपस्टिकची नळी. चेंबर ई३४ चं आणि डिपस्टिक ई३६ ची, अशी सरमिसळ झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यात डिपस्टिकवर तेल बरोबर दिसतं आणि चेंबरमध्ये प्रत्यक्षात भलतंच असतं. हा घोळ इंजिनच्या जिवावर बेतू शकतो. इंजिन पहिल्यांदा खाली सोडताना क्रॉसमेंबरवर आणि स्टिअरिंग रॅकवर मऊ प्लॅस्टिसिनचे गोळे चिकटवा. इंजिन माउंटिंगवर पूर्ण बसवून परत उचला आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजा. रबरी माउंटिंग पुढे दबतं आणि गिअर टाकताना इंजिन डोलतं, म्हणून बोटाएवढी तरी फट मला लागते.

दुसरं, ब्रेक बूस्टर, म्हणजे ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा गोल डबा. त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

ब्रेक बूस्टर कुठे सरकवायचा?

एम५० चा इनटेक मॅनिफोल्ड रुंद आहे आणि तो बरोबर बूस्टरच्या अंगावर येतो. यावर रुळलेले उपाय दोन. एक म्हणजे खास ब्रॅकेट लावून बूस्टरची जागा किंवा कोन बदलणं, दुसरा म्हणजे कमी घेराचा बूस्टर लावणं. दुसऱ्या उपायात पोर्शे ९४४ चा बूस्टर बरेच जण वापरतात. बूस्टर बदलला की पुशरॉडची लांबी नव्याने जुळवावी लागते. रॉड जराही लांब राहिला, तर ब्रेक किंचित लागलेलेच राहतात, डिस्क तापतात आणि उतारावर पेडल कडक होत जातं. हे काम घाईने उरकू नका. काही जण बूस्टर काढूनच टाकतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझा त्याला ठाम विरोध आहे.

चेंबर उघडलंच आहे. आत आणखी काय बघून घेऊ?

तेलाच्या पंपाच्या चक्राचं नट. एम५० आणि अमेरिकी एम३ मधल्या तिच्या भावंडांत हे नट सैल होऊन पडल्याची उदाहरणं जगभर आहेत. ते पडलं की चक्र निसटतं, तेलाचा दाब क्षणात शून्य होतो आणि बेअरिंग जातात. इंजिन गाडीत असताना तिथे पोचणं म्हणजे क्रॉसमेंबर उतरवणं. इंजिन स्टँडवर उलटं असताना मात्र हे थोड्या वेळाचं काम आहे. नटाचे आटे उलटे आहेत, हे लक्षात ठेवा. नेहमीच्या सवयीने पाना फिरवला, तर घट्ट करण्याऐवजी सैल कराल. नट साफ करा, आट्यांना लॉकिंग द्रव लावा, दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि वर सेफ्टी वायर बांधा.

त्याच बैठकीत क्रँकचं मागचं सील, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला. वॉटर पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असेल तर धातूच्या पंख्याचा पंप घाला, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग काढून ॲल्युमिनियमचं लावा.

वायरिंगची फार भीती वाटते. इलेक्ट्रिशियनकडे द्यावं का?

एम५० असेल तर स्वतः करा. बॉशच्या मोट्रोनिकचं इंजिन-वायरिंग जवळपास स्वतंत्र आहे. गाडीशी त्याची गाठ फ्यूजबॉक्सजवळच्या वीस पिनांच्या गोल प्लगमधून पडते. ई३० मध्ये त्याला सी१०१ म्हणतात. ई३६ चा प्लग दिसायला तसाच गोल आणि वीस पिनांचाच असतो, पण पिनांची मांडणी वेगळी. तो तसाच जोडायचा मोह टाळा. दोन्ही गाड्यांची वायरिंग-चित्रं समोर ठेवून कागदावर दोन रकाने करा: एकीकडे ई३० ची पिन, दुसरीकडे इंजिनची. स्टार्टर, इग्निशनचा करंट, पेट्रोल पंपाचा रिले, ऑइल प्रेशरचा दिवा, तापमानाचा काटा, अल्टरनेटरचा चार्जिंग दिवा, टॅकोमीटर. प्रत्येक तार मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत तपासा, मगच सोल्डर करा.

एम५२ किंवा एम५४ घेतलंत तर चावी, ईसीयू आणि इमोबिलायझरचा डबा एकाच गाडीतले हवेत. यातलं एक जरी दुसरीकडून आणलं, तर स्टार्टर फिरत नाही किंवा इंजिन सुरू होत नाही, आणि दोष शोधण्यात आठवडे जातात.

स्पीडोमीटर आणि बाकीचे काटे चालतील का?

स्पीडोमीटर नक्की चालतो, कारण ई३० मध्ये वेगाचा सिग्नल गिअरबॉक्समधून नाही, मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, येतो. गिअरबॉक्स कोणताही लावा. चार सिलिंडरच्या गाडीत सहा घातले असतील, तर मीटरमागचा कोडिंग प्लग सहा सिलिंडरचा लावा, नाहीतर टॅकोमीटर चुकीच्या फेऱ्या दाखवेल. तापमानाचा सेन्सर ई३० च्या मीटरशी जुळणाराच हवा. ई३६ चा सेन्सर लावला तर काटा चुकीचं दाखवतो, आणि या इंजिनांत हेडला तडा जायला एकदाच तापणं पुरतं.

गिअरबॉक्स जुना ठेवू की नवा? आणि डिफरन्शियल?

इंजिनसोबतचा ई३६ चा पाच गिअरचा बॉक्स घ्या. बोल्ट, क्लच आणि स्टार्टर सगळं आपसूक जुळतं. प्रोपेलर शाफ्टची लांबी मोजून घ्या. शाफ्ट कापून जोडावा लागला, तर बॅलन्सिंग करून घेतल्याशिवाय लावू नका. गिअरबॉक्समागची रबरी डिस्क आणि मधलं बेअरिंग नवंच टाका.

खरा मुद्दा गुणोत्तराचा आहे. ३२५आयच्या जुन्या बॉक्सचा पाचवा गिअर ०.८१ चा आहे, ई३६ च्या पाच गिअरच्या बॉक्सचा सरळ १.०० चा. मूळ १९५/६५ आर१४ टायर आणि ३.७३ चं डिफरन्शियल धरलं, तर ताशी १०० किलोमीटरला जुन्या बॉक्सवर इंजिन सुमारे २६०० फेऱ्या फिरतं. नवा बॉक्स लावून डिफरन्शियल तेच ठेवलं, तर हा आकडा ३२५० च्या आसपास जातो. हायवेवर तासन्‌तास ती घरघर नकोशी होते आणि पेट्रोलही जास्त जातं. म्हणून डिफरन्शियलही बदला. २.९३ चं लावलं की फेऱ्या पुन्हा २५५० पर्यंत उतरतात. नव्या इंजिनकडे तेवढी ओढ आहे.

माझ्याकडे ३१८आय आहे. तिच्यात हे सगळं होईल का?

होईल, पण ३१८आय चार सिलिंडरची ई३० आहे, म्हणून यादी लांबते. ३१८आयचं डिफरन्शियल लहान आहे, १६८ मिलिमीटरच्या क्राउन गिअरचं. ३२५आयचं १८८ चं. लहान डिफरन्शियल सहा सिलिंडरच्या टॉर्कपुढे फार काळ टिकत नाही, म्हणून मोठं डिफरन्शियल आणि त्याचे ड्राइव्ह शाफ्ट हवेत. युरोपातल्या बऱ्याच ३१८आयला मागे ड्रम ब्रेक आहेत, तेही जायला हवेत. मीटरचा कोडिंग प्लग वर सांगितलाच आहे. हा सगळा हिशेब केल्यावर बहुतेकांना कळतं, की थकलेल्या इंजिनची पण पत्रा चांगला असलेली ३२५आय शोधणं स्वस्त पडतं. गंज मात्र नीट बघा: जॅकच्या जागा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेची कड.

ब्रेक मोठे करणं सक्तीचं आहे का?

माझ्या मते, ब्रेक ताजे करणं सक्तीचं, मोठे करणं ताकदीवर अवलंबून. ३२५आयचे पुढचे हवेशीर डिस्क २६० मिलिमीटरचे आहेत. नवे डिस्क, चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि स्टीलच्या जाळीचे पाइप एवढ्यावर एम५० ची रस्त्यावरची गाडी सुरक्षित चालते. २३० अश्वशक्तीच्या पुढे गेलात, तर ई३६ चे हब आणि ब्रेक घ्या. ई३० च्या चाकाला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट असतात, ई३६ ला १२० वर पाच, म्हणजे चाकंही बदलतात. खर्चाचा पहिला हप्ता ब्रेक आणि सस्पेन्शनवर घाला, इंजिन नंतर. इंजिन बसेपर्यंत ब्रेकचे पैसे संपलेले असतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी जीव कासावीस होतो.

बीएमडब्ल्यूने स्वतः असं कधी केलं होतं का?

केलं होतं, दक्षिण आफ्रिकेत, आणि तो किस्सा प्रत्येक हौशी माणसाला माहीत असावा. ई३० ची एम३ फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या दक्षिण आफ्रिकेत ती विकलीच गेली नाही. तिथल्या बीएमडब्ल्यूने अल्पिना या बीएमडब्ल्यूच्याच गाड्या सुधारणाऱ्या कंपनीच्या मदतीने ३३३आय ही गाडी तयार केली आणि प्रिटोरियाजवळच्या रॉसलिन कारखान्यात १९८५ ते १९८७ दरम्यान दोनशेच्या आसपास गाड्या बनवल्या. इंजिन मोठ्या मालिकांतलं ३२१० सीसीचं एम३०, १९७ अश्वशक्तीचं. ते इतकं मोठं, की पॉवर स्टिअरिंग आणि एसी दोन्ही बसेनात. गिऱ्हाइकाला दोहोंपैकी एक निवडावं लागे. इंजिन जागेत मावलं म्हणजे काम झालं असं नाही, हे कारखान्यालाही चुकलं नाही. खुद्द अल्पिनानेही ई३० मध्ये साडेतीन लिटरचं एम३० घालून बी६ ३.५ विकली.

मग माझाही एसी जाणार का?

एम५० ला जात नाही. कंप्रेसर इंजिनसोबत येतो, त्याची जागा अडत नाही. होज मात्र मापाने बनवून घ्यावे लागतात. जुन्या ई३० च्या एसीत आर१२ वायू असायचा. आर१३४ए वर जाताना ओ-रिंग, ड्रायर आणि तेल बदला. रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर आहे, म्हणून रेडिएटर नवा आणि पंख्याला शिराऊड (हवा वळवणारं आवरण) असलेलाच हवा.

आठ सिलिंडरचं इंजिन बसत नाही का?

बसतं. बीएमडब्ल्यूचं चार लिटरचं एम६० (२८६ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर) बसवलेल्या ई३० आहेत. अमेरिकेत शेव्हरोलेचं ५.७ लिटरचं एलएस१ ही घालतात. पण डावीकडचा एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो, बूस्टर दुसरीकडे न्यावा लागतो, चेंबर बदलावं लागतं, आणि डिफरन्शियल, हब, ब्रेक सगळं नव्याने. एम६० लाही निकासिलचीच अडचण आहे. ई३० चा मागचा सस्पेन्शन अर्ध-अनुगामी (सेमी-ट्रेलिंग) आर्मचा, म्हणजे तिरक्या बिजागरीवर हलणाऱ्या दांड्यांचा आहे. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर तो चाकांचा कोन बदलतो. ४०० न्यूटन-मीटर आणि ओला रस्ता अशा गाठीत हा स्वभाव फार अनुभवी हातच सांभाळतो. पहिलं काम म्हणून मी हे कोणालाही सुचवत नाही.

३२५आयएक्स, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, चालेल का?

तिच्यापासून दूर राहा. पुढचं डिफरन्शियल ऑइल चेंबरलाच जोडलेलं आहे आणि पुढचा ॲक्सल चेंबरमधून आरपार जातो. वर सांगितलेलं ई३४ चं साधं चेंबर तिथे चालतच नाही. शिवाय या गाड्या थोड्याच उरल्या आहेत. मूळ इंजिनच दुरुस्त करा.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत काय बदलतं?

एम५० चा एक्झॉस्ट उजवीकडे आहे, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि गरम मॅनिफोल्ड शेजारी येतात. उजव्या स्टिअरिंगच्या डोनर गाडीचा मॅनिफोल्ड घ्या आणि दांड्याच्या सांध्याभोवती उष्णतारोधक पत्रा लावा. ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेत अशा पुष्कळ गाड्या चालतात.

एम५२ वर एम५० चा इनटेक मॅनिफोल्ड लावतात, तो फायदा खरा आहे का?

वरच्या फेऱ्यांवर खरा. एम५२ चा मॅनिफोल्ड अरुंद नळ्यांचा आहे, खालच्या ओढीसाठी बनवलेला. एम५० चा लावला की वर श्वास मोकळा होतो आणि खालचा टॉर्क थोडा जातो. ईसीयूचं ट्यूनिंगही करावं लागतं. रोज शहरात चालवणार असाल, तर आहे तोच ठेवा.

जर्मनीत ट्यूफ पास करेल का?

ट्यूफ म्हणजे तिथली गाड्या तपासणारी संस्था. आधी विचाराल तर करेल. मोटर वाहन नियमावलीच्या कलम १९ नुसार असा बदल केल्यावर गाडीचा परवाना बाद होऊ शकतो, आणि कलम २१ नुसार वैयक्तिक तपासणी करून तो पुन्हा मिळवावा लागतो. नवं इंजिन प्रदूषण आणि आवाजात मूळपेक्षा वाईट नको, ब्रेक ताकदीला साजेसे हवेत. पहिला बोल्ट सैल करण्याआधी तपासणी अभियंत्याला भेटा आणि काय काय लागेल ते लिहून घ्या. बदल कागदावर चढला की विमा कंपनीलाही कळवा. गाडी ३० वर्षांची असेल, तर ऐतिहासिक वाहनाच्या ‘एच’ पाटीसाठी त्या काळात प्रचलित असलेले बदल चालतात. १९९० चं एम५० म्हणूनच सोयीचं पडतं.

कॅलिफोर्नियात?

इंजिन गाडीच्याच मॉडेल-वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि डोनर गाडीची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी उपकरणं सोबत यायला हवीत: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, पेट्रोलच्या वाफेचा डबा. तपासणी नेहमीच्या स्मॉग केंद्रावर नाही, सरकारी रेफरीकडे होते. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे, ई३० त्यात येत नाही. एम५२ घातलंत तर तिची ओबीडी-२ यंत्रणा, म्हणजे दोष स्वतः ओळखून नोंदवणारी यंत्रणा, पूर्ण चालू हवी.

भारतात, म्हणजे पुण्यात किंवा मुंबईत, असं करून आरटीओत नोंद करता येईल का?

वेगळ्या प्रकारच्या मोठ्या इंजिनची नोंद होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या मान्य रूपांतराला वेगळी तरतूद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आरसीवर चढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. अपघात झाला, तर इंजिन नंबर तपासला जाईल आणि तेव्हा एजंट नाही, तुम्ही उत्तर देत उभे असाल. इंजिन निकामी झालं असेल, तर त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवून नवा नंबर नोंदवून घ्या. मोठं इंजिन घालायचंच असेल, तर ती गाडी फक्त ट्रॅकवर चालेल, तिथपर्यंत ट्रेलरवरून जाईल, आणि रस्त्याला लागणार नाही.